पक्ष्यांमधला य

खदानीवर आता फ्लेक्स लागला आहे. त्यावर सहा जणांचे फोटो आहेत, सगळे हात जोडून हसणारे. वर मोठ्या अक्षरात 'पक्षी आश्रयस्थान' आणि खाली एक बदक. हिरव्या डोक्याचं, कुठल्यातरी परदेशी तळ्यातलं, कॉम्प्युटरवरून उचललेलं. आमच्या खदानीत असलं बदक कधी उतरलं नाही. खदान वाचवण्यात या सहांपैकी एकाचाही हात नव्हता. दोघांनी तर ती बुजवायला माणसं पाठवली होती. मी फ्लेक्स दोनदा वाचला, एकदा वाचून माझा भरवसा बसत नाही म्हणून. विश्राम बोराडे हे नाव त्यावर कुठंही नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. ओळ पुरी झाली की पुन्हा मागं जातो, कुठं काना राहिला, कुठं वेलांटी उलटी पडली ही धास्ती जात नाही. चुकलं असेल तर छापणाऱ्यांनी खुशाल दुरुस्त करावं. माझा राग मात्र आहे तसा ठेवावा.

मी देगलूरकडचा. नव्वदीच्या मधल्या वर्षांत नाशिकला आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. अंबडच्या कारखान्यांच्या रांगेत एका भिंतीला पत्रा टेकवून बोर्ड रंगवायचं दुकान टाकलं. 'काय करायलात' असं बोललो की लोक हसायचे. 'ए पेंटर, पुन्हा बोल की' म्हणायचे. मी बोलणंच कमी केलं. गावापासून एवढ्या लांब माणूस चुकायला फार घाबरतो.

एके दिवशी एका कंपनीचा बोर्ड रंगवत होतो. 'येथे वाहणे उभी करू नयेत.' मागं कुणीतरी येऊन थांबलं. पांढरा लेंगा, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, साठीच्या अलीकडचा माणूस.

"अहो पेंटर, एक शंका विचारू?"

नाशिकमध्ये मला 'अहो' म्हणणारा हा पहिला माणूस. मी म्हटलं, "विचारा की."

"इथं काय वाहणार आहे?"

मला कळेना. "काही नाही वाहणार. लोक गाड्या लावायलेत म्हणून बोर्ड सांगितलाय."

"मग बाणातला ण कशाला? नळातला न घ्या. नदीचं ते वाहणे. गाड्यांची ती वाहने." आणि मी शरमेनं काळा पडायच्या आत स्वतःचा रुमाल माझ्या टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यांनी तेवढं एक अक्षर पुसून दिलं. रुमाल वाया गेला. हसले नाहीत. "रंग ओला आहे तोवर चूक ही चूक नसते," म्हणाले, आणि गेले.

ते बोराडे अण्णा. नाशिकच्या एका छापखान्यात त्यांनी हयात काढली होती. शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारे कंपोझिटर. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे त्यांना उलटं वाचायची सवय. चहाच्या टपरीवर समोरच्यानं बाकावर पसरलेला पेपर ते आपल्या बाजूनं उलटा वाचून चूक सांगायचे. समोरचा बावचळायचा. मग छापखान्यात कॉम्प्युटर आले. मालकानं खिळे भंगारात काढले. "क ही नाही, ख ही नाही," अण्णा म्हणायचे, "शिसं म्हणून नेले. ज्ञानही शिसं, शिवीही शिसं." हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. दहा वेळा सांगितलं तरी तेवढाच चढायचा.

अंबडच्या पुढे कॅनॉलच्या अंगाला त्यांचं गाव. नाव लिहीत नाही. ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना ते कळेलच. औद्योगिक वसाहतीचे रस्ते झाले तेव्हा त्या गावच्या गायरानातून मुरूम आणि खडी उपसली होती. ठेकेदार काम झाल्यावर दोन खदानी उघड्या टाकून निघून गेला. एक मोठी, एक धाकटी, मध्ये डंपरची जुनी वाट. कॅनॉलचा पाझर त्यांच्यात उतरला आणि उन्हाळ्यातही पाणी हटेना. काठाला पाणकणीस वाढलं. मग पक्षी आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

छापखाना सुटल्यावर अण्णा रोज सकाळी तिथं जाऊन बसत. ओळख होऊन तीनेक वर्षं झाल्यावर मलाही एकदा घेऊन गेले. दुर्बीण वगैरे काही नाही. दगडावर बसले, डोळे मिटले आणि सांगायला लागले. "डावीकडं वारकरी भांडतोय. काळा, कपाळावर पांढरा टिळा. हा घोगरा आवाज जांभळ्या पाणकोंबडीचा. आणि हे हसल्यासारखं? टिबुकली."

मी पाहिलं. तिन्ही होते, जिथं म्हणाले तिथंच.

"पेंटर, खिळ्यांची केस पाहिलीय कधी? लाकडी खोकं, त्यात लहानमोठी घरं. क चं घर मोठं, तो जास्त लागतो. ङ चं चिमुकलं. ठेकेदाराला मुरूम चांगला लागला तिथं त्यानं खोल खणलं, कातळ लागला तिथं सोडलं. झाली की नाही केस? काठाला वीतभर पाणी, तिथं शेकाट्या चालत चालत खातो. पुढं गुडघाभर, तिथं थापट्या चोचीनं चिखल गाळतो. मध्ये खोल, तिथं टिबुकली बुडी मारते. कड्यात भोकं दिसतात? ती खंड्याची घरं. ज्याचं घर त्याला. हे एकदा सपाट केलं की सगळे खिळे एका ढिगात."

सपाट करायचं तेव्हाच ठरत होतं. कारखान्यांची राख आणि पाडकामाचा राडारोडा टाकायला जागा हवी होती. खदानी बुजल्या की वर गाळे निघतील असा सरपंचांचा हिशेब होता. ते अण्णांना पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "आण्णा, खड्डा हाय तो. तुमी खड्ड्याला तळं म्हणता. उद्या म्हशीच्या डबक्याला समुद्र म्हणाल."

"आणि तुम्ही काय म्हणता? सातबारा काढा. पोटखराबा लिहिलंय." पिकाला निकामी जमिनीला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात. "खराबा! आपणच खणायचं, आपणच टाकून जायचं, आणि त्यालाच खराब म्हणायचं? नीट झालंय ते एवढंच तर झालंय या गावात."

लोक हसले. सरपंचही हसले. पण नवा ग्रामसेवक बरा होता. तो म्हणाला, गावानं ठराव करून जागा पक्ष्यांसाठी राखीव मागितली आणि वरून मंजुरी आली तर वनखातं ताबा घेईल, मग कुणाला एक पाटी राख टाकता येणार नाही. मंजुरी येईपर्यंत मात्र काही अडवता येणार नाही. म्हणजे सगळं त्या कागदावर होतं.

कागदाच्या आधी खदानीवर बोर्ड हवा, असं अण्णांनी ठरवलं. लोकांना निदान कळू दे. मी एका जुन्या दाराचा पत्रा घेतला, पांढरा हात दिला, लाल रंगात लिहिलं: 'ही जागा पक्षांसाठी राखीव आहे. येथे राडारोडा टाकू नये.'

ज्यांनी शाळा पुरी केली त्यांना इथंच दिसलं असेल. मला दिसलं नाही. निवडणुकांच्या भिंती रंगवून माझा हात पक्ष, पक्षाचे, पक्षांना याच वळणावर गेलेला. पक्षी म्हटलं की क्ष ला य जोडून पक्ष्यांसाठी होतं, आणि य गाळला की ते राजकीय पक्षांसाठी होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

अण्णा तपासायला आले. तोंड पत्र्याच्या अगदी जवळ नेलं, रंगाचा वास घेतात तसं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकले.

"झकास," म्हणाले. "उभा करा."

त्या दिवशी मी एवढा फुगलो होतो की घरी पत्र लिहिलं. कंपोझिटरनं तपासलेला माझा पहिला निर्दोष बोर्ड.

ग्रामसेवक खदानीवर आला, त्यानं बोर्डावरचं वाक्य जसंच्या तसं ठरावात उतरवून घेतलं. अण्णांनी तपासलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणाला. सोबत पक्ष्यांची यादी जोडली. ती अण्णांनी सांगितली, मी लिहिली. दोन पानं भरली. ठराव मंजूर झाला, फाईल तालुक्याला गेली.

मग अण्णांच्या फेऱ्या. साहेब दौऱ्यावर आहेत. फाईल दुसऱ्या टेबलावर आहे. त्या टेबलाचे रजेवर आहेत. पावसाळा सरला, थंडी आली, खदानीत बदकं उतरली, थंडी गेली, बदकंही गेली. त्याच दिवसांत एका सकाळी धाकट्या खदानीवर डंपर लागले.

अण्णा धावत गेले. त्यांच्या मागोमाग मी. डंपरवाल्यापुढं उभे राहून ते म्हणाले, "राखीव आहे ही जागा. बोर्ड वाचता येत नाही का?"

तो म्हणाला, "बोर्ड लय असत्यात, बाबा. मंजुरीचा कागद हाय का? असंल तर दाखवा, गाडी फिरवतो."

कागद नव्हता. डंपर उलटा लागला, फाळकं उघडलं, आणि कड्यातली ती भोकं राखेखाली जाताना आम्ही पाहिली. खंड्या चोचीत मासा धरून समोरच्या तारेवर बसला होता. घर बुजलं तरी मासा सोडीना. तीन आठवड्यांत धाकटी खदान राहिली नाही. गावातला एक माणूस तिकडं फिरकला नाही. मला आजही राग येतो तो डंपरवाल्याचा नाही. त्यानं निदान कागद विचारला.

आणि धाकटी बुजल्यानंतर फाईल परत आली. तिच्यावर शेरा होता: 'राजकीय पक्षांसाठी शासकीय जागा राखीव ठेवण्याची तरतूद नाही. सबब प्रस्ताव परत.'

ग्रामसेवकानं तो मला वाचून दाखवला आणि य बद्दल समजावून सांगितलं. एका अक्षरानं एक तळं गेलं होतं आणि ते अक्षर माझ्या ब्रशनं गाळलं होतं. मी दुकानात आलो आणि डबे आवरायला घेतले. देगलूरची गाडी पकडायची, कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. तिथं माझं नाव निघणार हे नक्की होतं. गेलो नसतो, पण अण्णांनी निरोप पाठवला: 'पेंटर, या. पुढच्या रांगेत बसा.'

सरपंच रंगात होते. शेरा वाचून दाखवला. सभा खदाखदा हसली. "आता बोला! कोणच्या पक्षाला देऊ मग खड्डा? ह्या मराठवाड्याच्या पेंटरला धड लिहिता येत नाय, अन् त्याच्या जिवावर ठराव चाल्ले व्हते!"

मी मान खाली घातली. अण्णा उठले.

"चूक पेंटरची नाही. त्यानं त्याच्या अकलेनं लिहिलं आणि मला दाखवलं. छापखान्यात चूक सुटली तर जुळवणाऱ्याला नाही, तपासणाऱ्याला विचारतात. तपासणारा मी. मला बोर्ड दिसला. अक्षर दिसलं नाही. दोन वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पेपर समोर धरतो, वाचत नाही. कंपोझिटरला दिसत नाही म्हणायची लाज वाटली. मी झकास म्हणालो, न वाचता. धाकटी खदान माझ्या लाजेनं गेली."

मला कितीतरी गोष्टी लख्ख दिसायला लागल्या. रोज संध्याकाळी ते दुकानात येत, पेपर माझ्या हातात देत आणि म्हणत, "पेंटर, मोठ्यानं वाचा, तुमचा सराव होईल." सराव खरंच झाला. आज मी चार ओळी लिहितो ते त्या वाचनावर. आणि त्यांना बातम्या कळायच्या त्याही त्याच वाचनावर.

"माझं मी कबूल केलं," अण्णा म्हणाले, आणि आता आवाज चढला. "आता तुमचं बोला. मला दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं ना? सरपंच, ठरावावर सही तुमची. वाचला होता?"

"आता आण्णा, एवढं कोण—"

"आणि वरच्या कचेरीत? वाक्यात य नाही हे त्यांना कळलं. मग सोबतची यादी? पेंटर, वाचा यादी."

मी उठलो. "हळदीकुंकू, थापट्या, वारकरी, टिबुकली..."

"थांबा. हळदीकुंकू." सरपंचांकडं वळून अण्णा म्हणाले, "आपल्याकडं हळदीकुंकू पक्षाचा उमेदवार कोण उभाय हो? टिबुकली पक्षाचं चिन्ह काय?"

मागून एक म्हातारी ओरडली, "बुडी!" आणि सभा फुटली. या वेळी हसू सरपंचांच्या अंगावर गेलं. तेवढ्या हशात ग्रामसेवकानं नवा ठराव मांडला, मोठ्या खदानीपुरता. हात वर झाले. धाकटीबद्दल मांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ती फाईल अण्णा आणि मी स्वतः घेऊन गेलो. टेबलावरच्या कारकुनाला अण्णांनी शेऱ्याबद्दल विचारलं. तो चिडला नाही, उलट गोड बोलला. "काका, आम्ही जे लिहिलंय त्यावर शेरा मारतो."

"आणि यादी?"

"यादी संलग्न असते. ती वाचायची नसते."

मी आजवर पुष्कळ शिव्या ऐकल्या, पण त्या वाक्याएवढं काही लागलं नाही. यादी वाचायची नसते! दोन पानं मी जीव मुठीत धरून लिहिली होती, एकेक वेलांटी अण्णांना विचारून. त्या दोन पानांत एक खदानभर जीव होते. त्या माणसाला अक्षर येत होतं, डोळे शाबूत होते, पंखा होता डोक्यावर. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याची चूक मला समजते. शिकून न वाचणाऱ्याची मला समजत नाही, आणि मी ती माफ करणार नाही.

या वेळी मंजुरी आली. वनखात्याची माणसं आली, मोठ्या खदानीच्या चारी कोपऱ्यांना दगड रोवले. नवा बोर्ड मीच रंगवला. य एवढा ठसठशीत काढला की ग्रामसेवक म्हणाला, "पेंटर, पक्षी घाबरतील." अण्णांनी डोळ्यांचं ऑपरेशन त्यानंतर करून घेतलं. पट्टी सुटल्यावर मी त्यांना खदानीवर नेलं. वारकऱ्याला बराच वेळ पाहून म्हणाले, "हा एवढा काळा आहे होय? दोन वर्षं मला हा करडाच दिसत होता." मग धाकटीकडं गेले. तिथं राखेवर मुरूम पसरून चुन्याची फक्की मारून गाळ्यांचे चौकोन आखले होते. परत येताना वाटेत म्हणाले, "हे पाहायला डोळे परत घेतले का हो मी?"

काही वर्षांनी हातानं बोर्ड रंगवायचं काम आटत गेलं. मी पुण्याकडं निघालो. अण्णांचा निरोप आदल्या दिवशी घेतला होता, त्यामुळे पुन्हा भेट होईल असं नव्हतं. टेम्पोत डबे आणि शिडी टाकून सकाळी निघालो तर धाकट्या खदानीच्या जागेपाशी रस्ता अडलेला. पुढं एक डंपर उभा होता, इंजिन चालू, हॉर्नवर हॉर्न. इतकी वर्षं रखडलेल्या गाळ्यांच्या कामासाठी आधीच खडी पसरून ठेवली होती आणि तिच्यावर आणखी ओतायची होती. खडीच्या मधोमध, भर उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. डोक्यावर एक टिटवी नुसती आकांत करत घिरट्या घालत होती.

डंपरवाला उतरला. "बाबा, उठा. काय झालंय?"

"चार अंडी आहेत. पिल्लं निघेस्तोवर गाडी येणार नाही."

"अंडी? कुठंयत? मला तर समदी खडीच दिसती."

"म्हणूनच बसलोय. मला दिसतायत."

आमचा टेम्पोवाला कंटाळला. त्यानं गाडी मागं घेतली आणि कॅनॉलच्या वाटेनं काढली. हाक मारावी की नाही या विचारात ती वेळ गेली. वळणावरून मी मागं पाहिलं. डंपरचं इंजिन बंद झालं होतं. डंपरवाला खडीत उकिडवा बसून डोळे बारीक करून शोधत होता, आणि अण्णा खुर्चीतून न उठता त्याला बोटानं दाखवत होते.